‘चक दे! इंडिया’ : एका चित्रपटाची साधनचिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

बखर आणि अस्सल कागद यांच्यातील भेद मराठी इतिहाससंशोधनात राजवाड्यांच्या काळापासून रूढ आहे. अस्सल कागद घटनेच्या वेळी, व्यवहाराच्या निकडीने लिहिला जातो. बखर मागाहून, कोणाच्या तरी आज्ञेने किंवा अभिमानाने रचली जाते. तीत सनांची गफलत होते, दोन लढायांची एक लढाई बनते, एकाचे शौर्य दुसऱ्याच्या नावावर जमा होते. तथापि एवढ्यावरून बखर टाकाऊ ठरत नाही. घडलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून ती दुर्बळ असली, तरी ती गोष्ट पुढील पिढीला कोणत्या स्वरूपात हवी होती याचा पुरावा म्हणून तिच्याइतके बोलके साधन दुसरे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बखर आणि पोवाडा यांचे हे कार्य फार मोठ्या प्रमाणावर चित्रपटाकडे आले आहे. म्हणून बखरीला लावावयाची चिकित्सा चित्रपटालाही लावून पाहणे उचित होय.

अशा चिकित्सेस ‘चक दे! इंडिया’ हा हिंदी चित्रपट विशेष अनुकूल आहे. तो १० ऑगस्ट २००७ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शन शिमित अमीन यांचे आणि लेखन जयदीप साहनी यांचे असून कबीर खान या प्रशिक्षकाची भूमिका शाहरुख खान यांनी केली आहे. कथानक थोडक्यात असे : भारतीय पुरुष हॉकी संघाचा कर्णधार कबीर खान विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक चुकवितो. त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप होतो, घराच्या भिंतीवर ‘गद्दार’ हा शब्द लिहिला जातो आणि आईसह त्याला घर सोडावे लागते. सात वर्षांनी तो महिला संघाचा प्रशिक्षक होऊन परततो. कोणाचाच विश्वास नसलेल्या, प्रांताप्रांतांत विभागलेल्या सोळा मुलींचा तो एक संघ बनवितो आणि हा संघ ऑस्ट्रेलियात विश्वचषक जिंकतो.

हे कथानक मीर रंजन नेगी यांचे चरित्र होय, असा समज चित्रपट प्रदर्शित होताच सर्वत्र पसरला व तो आजही प्रचलित आहे. हा समज कितपत ग्राह्य आहे, चित्रपटामागे प्रत्यक्षात कोणत्या घटना आहेत, आणि त्या घटनांची मांडणी करताना काय राखले व काय वगळले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. १ डिसेंबर १९८२

नवव्या आशियाई क्रीडास्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबर १९८२ मध्ये दिल्ली येथे भरल्या. १ डिसेंबर रोजी पुरुष हॉकीचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. प्रेक्षकांत पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. पहिला गोल भारताने केला. परंतु त्यानंतर पाकिस्तानने एकामागून एक सात गोल चढविले आणि सामना ७-१ असा जिंकला. भारताचे गोलरक्षक मीर रंजन नेगी हे होते.

हा पराभव आकस्मिक नव्हता. १९७०, १९७४ आणि १९७८ या तिन्ही आशियाई स्पर्धांत पाकिस्ताननेच सुवर्णपदक मिळविले होते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली जाऊ लागली होती. या बदलाशी जुळवून घेण्यात भारत मागे पडला आणि त्याच स्पर्धेत सातव्या क्रमांकावर घसरला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये मिळालेल्या सुवर्णपदकाने ही घसरण काही काळ झाकली गेली, इतकेच. सात गोलांचे उत्तरदायित्व एकट्या गोलरक्षकावर येऊ शकत नाही, हे हॉकी जाणणाऱ्यास सांगावे लागत नाही. बचावफळी फुटल्यानंतर धावत येणाऱ्या आघाडीवाल्यासमोर गोलरक्षक एकटाच उरतो, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे मात्र त्या एकट्याचीच आकृती राहते.

या पराभवाचा आघात खोल होण्यास आणखी एक कारण घडले. भारतात रंगीत दूरदर्शनचा आरंभ त्याच वर्षी झाला होता आणि आशियाई स्पर्धांचे प्रक्षेपण हे त्याचे पहिले मोठे कार्य होते. पूर्वीचे पराभव रेडिओवरून ऐकले गेले किंवा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत वाचले गेले. हा पराभव लोकांनी घरी बसून पाहिला. नेगी यांनी पाकिस्तानकडून पैसे घेतले, असा प्रवाद लगोलग उठला. त्याला पुष्टी देणारे कोणतेही प्रमाण पुढे आले नाही. परंतु नेगी यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच खुंटली आणि कलंक मात्र वर्षानुवर्षे राहिला.

३. त्याच दिल्लीतील दुसरी घटना

१९८२ च्या आशियाई स्पर्धांत महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला होता, आणि या पहिल्याच स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. कर्णधारपद पुण्याच्या एलायझा नेल्सन यांच्याकडे होते. पुढे १९८३ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. एकाच नगरात, एकाच स्पर्धेत, एकाच खेळात घडलेल्या या दोन घटनांपैकी पराभव राष्ट्राच्या स्मरणात कोरला गेला आणि विजय जवळजवळ पुसला गेला. ‘चक दे! इंडिया’च्या चिकित्सेत ही गोष्ट मध्यवर्ती मानावी लागते.

हे सुवर्णपदक एकाएकी आलेले नव्हते. महिलांचा पहिला विश्वचषक १९७४ साली फ्रान्समधील मांदेलियो येथे झाला, त्यात भारत चौथा आला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीचा प्रथम समावेश झाला, तेव्हाही भारतीय संघाने रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखाली चौथे स्थान मिळविले. एलायझा नेल्सन त्या संघातही होत्या. अनेक बलाढ्य देशांनी या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकल्यामुळे अवघे सहा संघ उतरले होते, हे खरे. परंतु सुवर्णपदक मिळविले ते झिंबाब्वेने! आयत्या वेळी आमंत्रण आल्यावर घाईने जमविलेल्या या संघाने सर्वांना मागे टाकले. दुबळ्या गणलेल्या संघाने जग जिंकण्याची जी कथा चित्रपटाने कल्पनेने रचली, तिच्यासारखी गोष्ट महिला हॉकीच्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये प्रत्यक्ष घडली होती, आणि भारतीय खेळाडू तिच्या साक्षीदार होत्या.

त्यानंतरचा काळ मात्र उपेक्षेचा गेला. मॉस्कोनंतर पुन्हा ऑलिंपिकमध्ये खेळण्याची संधी भारतीय महिला संघास २०१६ साली रिओ येथे मिळाली, म्हणजे छत्तीस वर्षांनी. तथापि या मधल्या काळातही संघ निष्प्रभ नव्हता. १९९८ साली क्वालालंपूर येथे राष्ट्रकुल स्पर्धांत महिला हॉकीला प्रथम स्थान मिळाले, त्यात भारत चौथा आला. त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत संघाने रौप्यपदक मिळविले.

४. मँचेस्टर, २००२

बँकॉकच्या याच स्पर्धांत भारतीय पुरुषांनी ३२ वर्षांनंतर सुवर्णपदक परत मिळविले. संघाचे कर्णधार पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले होते. प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक हे १९८० च्या सुवर्णपदक विजेत्या संघातील खेळाडू, आणि गोलरक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नेगी यांच्यावर होती. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावरील विजय पेनल्टी स्ट्रोकांवर, म्हणजे गोलरक्षकाच्या कसोटीवर, मिळाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. नेगी यांच्या जीवनात कलंकमोचनाचा एखादा क्षण शोधावयाचा झाला, तर तो प्रथम येथे सापडतो. आणि तो पुरुष संघाच्या संबंधातील आहे.

चार वर्षांनी, २००२ साली, इंग्लंडमधील मँचेस्टर येथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. मणिपूरच्या सूरजलता देवी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय महिला संघाने ऑगस्टच्या आरंभी झालेल्या अंतिम सामन्यात यजमान इंग्लंडला ३-२ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. नियमित वेळेत बरोबरी झाल्यामुळे जादा वेळ देण्यात आला, आणि हरियाणाच्या ममता खरब हिच्या गोलाने निकाल लागला. या संघाचे प्रशिक्षकही कौशिक हेच होते. नेगी गोलरक्षकांना तयार करीत होते.

संघाची रचना पाहिली असता चित्रपटातील प्रांतवार मांडणीचा उगम ध्यानात येतो. कर्णधार सूरजलता देवी यांच्याखेरीज तिंगोनलैमा चानू मणिपूरची. सुमराय टेटे झारखंडमधील सिमडेगाची. ज्योती सुनीता कुल्लू ओडिशाची. सबा अंजुम छत्तीसगडमधील दुर्गची. गोलरक्षक हेलन मेरी केरळची. प्रीतम सिवाच, सीता गुसाईं आणि ममता खरब उत्तरेच्या. शहरी उच्चवर्गात या खेळाला पूर्वी जो आधार होता, तो सुटून महिला हॉकी छोट्या गावांत, आदिवासी प्रदेशांत आणि सीमावर्ती राज्यांत रुजली होती. रेल्वेतील नोकरी हा अनेक खेळाडूंच्या चरितार्थाचा आणि पर्यायाने या खेळाच्या अस्तित्वाचाच मुख्य आधार होता.

५. चित्रपटाची उत्पत्ती

या विजयाची वृत्तपत्रांनी घेतलेली दखल अल्प होती. लेखक जयदीप साहनी यांनी वेळोवेळी सांगितल्याप्रमाणे, त्यांना चित्रपटाची कल्पना सुचली ती महिला संघाच्या सुवर्णपदकाविषयीची एक लहानशी बातमी वाचून. एवढा मोठा विजय आणि एवढी छोटी बातमी, या विसंगतीतून कथा जन्मास आली. पुढे ते कौशिक यांना भेटले, प्रशिक्षण शिबिर कसे चालते हे समजून घेतले. आणि अभिनेत्रींना हॉकी शिकविण्यासाठी कोणी हवे, असा प्रश्न निघाला तेव्हा कौशिक यांनी नेगी यांचे नाव सुचविले. नेगी आले ते या टप्प्यावर, पटकथा तयार झाल्यानंतर. चित्रपट नेगी यांच्यावर आधारलेला असल्याचा गवगवा सुरू झाला, तेव्हा महिला खेळाडूंविषयीची गोष्ट एका पुरुषाची गोष्ट बनत चालली आहे, याबद्दल साहनी यांनी स्पष्ट खंत व्यक्त केली होती.

साधनांचा क्रम या प्रकारे लावला असता प्रचलित समज टिकत नाही. चित्रपटाचे मूळ १९८२ च्या पराभवात नसून २००२ च्या विजयात आहे. कबीर खान आणि नेगी यांच्यातील साम्य वरवर पाहता ठळक आहे. परंतु तपशिलात गेले की भेदच अधिक दिसतात. नेगी गोलरक्षक, कबीर आघाडीचा खेळाडू. नेगी आशियाई स्पर्धेत सात गोलांनिशी हरले, कबीर विश्वचषकात एका चुकलेल्या फटक्यामुळे हरतो. नेगी महिला संघाचे साहाय्यक, कबीर मुख्य प्रशिक्षक. शिवाय पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारत-पाकिस्तान गाठ पडली ती १९७५ साली क्वालालंपूर येथे, आणि तो सामना भारताने २-१ असा जिंकला होता.

असे असता समज पसरला का? याचे उत्तर लोकमानसात शोधावे लागते. १९८२ चा पराभव सर्वांना ठाऊक होता, २००२ चा विजय फारच थोड्यांना. अपरिचिताचा अर्थ परिचिताच्या साहाय्याने लावला जातो, हा स्मृतीचा धर्म होय. ज्या विस्मरणाविरुद्ध चित्रपट रचला गेला, त्याच विस्मरणाने त्याचा अर्थ लावला.

६. बखरकाराचे फेरफार

चित्रपटाने केलेल्या बदलांपैकी तीन विशेष विचारार्ह आहेत.

पहिला बदल नायकाच्या धर्माचा. कबीर खान मुसलमान असल्यामुळे पाकिस्तानविरुद्धच्या पराभवानंतर उठलेला संशय केवळ लाचेचा राहत नाही. तो त्याच्या निष्ठेवरचा संशय ठरतो. नेगी यांच्यावरील आरोप एका व्यक्तीपुरता होता. कबीरवरील आरोपात एका समाजाला सतत द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची छाया आहे. हा बदल वस्तुस्थितीपासून दूर नेणारा असला, तरी सामाजिक सत्याच्या दृष्टीने तो अर्थपूर्ण आहे.

दुसरा बदल स्पर्धेचा. राष्ट्रकुल सुवर्णपदकाच्या जागी चित्रपटात विश्वचषक येतो. भारतीय महिला संघाने विश्वचषक कधीही जिंकलेला नाही. १९७४ चे चौथे स्थान हीच त्यातील सर्वोत्तम कामगिरी. चित्रपटातील संघ पहिल्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून दारुण पराभूत होतो आणि शेवटी त्याच ऑस्ट्रेलियाला मेलबर्न येथे हरवितो. प्रत्यक्षात मार्च २००६ मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारतीय महिला संघ अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाशी खेळला होता आणि १-० असा हरून रौप्यपदकाचा मानकरी ठरला होता. सुमारे दीड वर्षाने पडद्यावर तोच प्रतिपक्ष आणि तेच नगर दिसते; निकाल मात्र उलटलेला असतो. पराजयाचे विजयात रूपांतर करण्याची ही रीत वीरकथेच्या परंपरेस अनुसरूनच आहे.

तिसरा बदल सर्वांत गंभीर आहे. कथेला दुबळ्या संघाची आवश्यकता होती. म्हणून चित्रपटातील महिला संघाला पूर्वेतिहासच नाही. हॉकी संघटनेचे अधिकारी या मुलींकडून कशाचीच अपेक्षा ठेवीत नाहीत. त्यांना परदेशी पाठविण्यास ते तयार नसतात, आणि पुरुष संघाशी झुंज देऊन मुलींना आपला अधिकार सिद्ध करावा लागतो. येथे उपेक्षेचे चित्र यथार्थ आहे. परंतु मांदेलियो, मॉस्को, दिल्ली, बँकॉक या परंपरेचा त्यात मागमूसही नाही. जणू महिला हॉकीचा आरंभ कबीर खान मैदानावर आला त्या दिवशी झाला! संघाला स्वतःचे पूर्वसूरी नसले, की त्याच्या यशाचे श्रेय प्रशिक्षकाकडे जाणे अपरिहार्य होते. महिलांचा विजय पुरुषाच्या कलंकमोचनाचे साधन बनतो, त्याचे बीज प्रेक्षकांच्या समजुतीत जितके आहे तितकेच या वगळण्यातही आहे.

उलट बाजूही न्यायाने नोंदविली पाहिजे. ईशान्येच्या खेळाडूंना स्वदेशातच पाहुणे म्हणून संबोधले जाणे, झारखंडच्या मुलींची भाषा कोणाला न समजणे, विवाहित खेळाडूवर सासरच्यांनी आणलेला दाब, क्रिकेटपटू वाग्दत्त वराने हॉकीला क्षुल्लक लेखणे, हे प्रसंग कल्पित असले तरी त्यांतील वास्तव कल्पित नाही. अस्सल कागदांत अशा गोष्टी क्वचितच नोंदल्या जातात. स्पर्धेच्या निकालपत्रकात गोल असतात, अपमान नसतात. या अंगाने पाहता चित्रपट कागदांना पूरक ठरतो. कोल्हापूरच्या सागरिका घाटगे यांनी साकारलेली प्रीती सभरवाल आणि चित्राशी रावत यांची कोमल चौटाला यांच्यातील स्पर्धा, व तिचा अखेरच्या सामन्यातील परिहार, हा संघभावनेचा पाठ भाषणाविना दिला गेला आहे.

७. उत्तरकाल

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याचे शीर्षकगीत सर्वच खेळांच्या मैदानांवर वाजू लागले. परंतु मार्च २००८ मध्ये भारतीय पुरुष संघ बीजिंग ऑलिंपिकसाठी पात्र ठरू शकला नाही. भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला आणि २००९ साली ‘हॉकी इंडिया’ ही नवी संघटना उभी राहिली. गीत लोकप्रिय झाल्याने खेळाचा कारभार सुधारत नाही, हे यावरून दिसते.

चित्रपट आणि वास्तव यांची खरी गाठ पडली ती २०२१ साली टोकियो येथे. राणी रामपालच्या नेतृत्वाखालील महिला संघ नेदरलँड्स, जर्मनी आणि ग्रेट ब्रिटन यांच्याकडून ओळीने पराभूत झाला. नंतर आयर्लंड व दक्षिण आफ्रिका यांना हरवून तो उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि २ ऑगस्ट रोजी त्याने ऑस्ट्रेलियाला १-० असे नमविले. तो एकमेव गोल गुरजित कौरचा होता. गोलरक्षक सविता पुनियाने पुढील सर्व हल्ले परतविले. संघाचे डच प्रशिक्षक श्योर्ड मरिन्ये यांचे अभिनंदन करताना शाहरुख खान यांनी स्वतःचा उल्लेख माजी प्रशिक्षक कबीर खान असा केला, आणि मरिन्ये यांनी आपण खरे प्रशिक्षक असल्याचे विनोदाने कळविले. कल्पित व्यक्तीने खऱ्या व्यक्तीशी केलेला हा संवाद, बखर इतिहासात किती शिरू शकते याचे मार्मिक उदाहरण होय. शेवटी अर्जेंटिना आणि ग्रेट ब्रिटन यांच्याकडून हार पत्करून संघ चौथा आला, १९८० प्रमाणेच.

त्याच आठवड्यात दुसरीही एक घटना घडली. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी पहिली भारतीय महिला ठरलेली वंदना कटारिया ही हरिद्वारजवळची. उपांत्य सामन्यातील पराभवानंतर तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवून जातिवाचक अपशब्द वापरल्याची तक्रार तिच्या कुटुंबीयांनी नोंदविली, आणि पोलिसांनी त्या संबंधात अटक केली. पराभूत खेळाडूच्या घराबाहेर जमणारा जमाव हा चित्रपटाचा पहिला प्रसंग होता. चौदा वर्षांनी तो खरोखर घडला. फरक इतकाच की धर्माच्या जागी जात आली होती.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून निष्पन्न होणाऱ्या गोष्टी अशा. ‘चक दे! इंडिया’ हे नेगी यांचे चरित्र नव्हे. तो मँचेस्टरच्या विजयावर रचलेला स्वतंत्र काव्येतिहास आहे. घटनांचे साधन म्हणून तो विश्वसनीय नाही, आणि महिला हॉकीच्या पूर्वपरंपरेबाबत तर तो दिशाभूल करणारा आहे. परंतु खेळाडूच्या निष्ठेवर जन्मावरून संशय घेण्याची प्रवृत्ती आणि स्त्रियांच्या खेळाविषयीची उदासीनता यांचे साधन म्हणून तो महत्त्वाचा आहे. टोकियोनंतरच्या घटनेने त्याची साक्ष दृढ केली आहे.

सूरजलता देवी यांच्या संघाला विस्मृतीतून बाहेर काढण्याचे कार्य चित्रपटाने अर्धेच केले. संघाची आठवण राहिली, नावे राहिली नाहीत. आणि त्यांच्याही आधीच्या, १९८२ साली दिल्लीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या एलायझा नेल्सन यांच्या संघाची तर बखरदेखील अद्याप लिहिली गेलेली नाही. त्या पिढीच्या खेळाडूंच्या आठवणी, पत्रव्यवहार, छायाचित्रे आणि तत्कालीन वृत्तपत्रांतील त्रोटक बातम्या यांचे संकलन हे काम वेळेवर होणे आवश्यक आहे. कारण ही साधने व्यक्तींच्या घरी आहेत, दप्तरखान्यांत नाहीत.